लुकिचच्या अर्ध्या बागेत

“आत टाक, आत,” सासूबाई म्हणाल्या. “बाहेर काय टाकतोस? बाहेर कमी आहे का?”

मी कमरेएवढ्या बर्फात उभा होतो. हातात फावडं, फावड्यात बर्फ आणि समोर पॉलिहाऊसचं उघडं दार. ज्या जागेत थंडी शिरू नये म्हणून माणसं पगार खर्चून प्लास्टिकचं छप्पर उभारतात, त्याच जागेत मार्च महिन्यात फावड्याने बर्फ भरणं, हे आमच्याकडे शहाणपणाचं लक्षण समजतात. हिवाळाभर बंद राहिलेली आतली माती कोरडी ठक्क पडते. छपरामुळे तिच्यावर बर्फ पडत नाही, म्हणून तो माणसाने पाडायचा. मी लहानपणापासून हे बघत आलोय. तरी पहिलं फावडं आत टाकताना कुणी बघत तर नाही ना, म्हणून मी एकदा मागे वळून बघतोच.

“फळीपर्यंत हं,” त्या म्हणाल्या. “पलीकडे कणभरसुद्धा जाता कामा नये. तिकडे त्याचं आहे.”

पॉलिहाऊसच्या मधोमध जमिनीत एक फळी उभी रोवलेली आहे. फळीच्या अलीकडे माझ्या सासूबाई, कपितोलिना येगोरोव्हना. पलीकडे माझे सासरे, देम्यान लुकिच. दोघांचा घटस्फोट होऊन बारा वर्षं झाली. कोर्टात फ्लॅट वाटला गेला, मोटार वाटली गेली, काकडीच्या लोणच्याच्या बरण्यासुद्धा वाटल्या गेल्या. बागेचं मात्र जमेना. एवढ्याशा तुकड्याचे आणखी तुकडे करायला बागवाल्यांची संस्था परवानगी देत नाही. मग दोघांनी मधून काळ्या बेरीच्या झुडपांची ओळ लावली आणि आपापल्या बाजूला तोंड केलं. पॉलिहाऊस नेमकं त्या रेषेवर उभं होतं. ते करवतीने कापता येईना, म्हणून फळी.

मी उल्यानाशी लग्न केलं तेव्हा तिने सांगितलं होतं की आईबाबा वेगळे राहतात. वेगळे म्हणजे एका झुडपाइतके वेगळे, हे नंतर कळलं. एप्रिल उजाडला की दोघं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर वाकलेले असतात आणि हाक कुणीच मारत नाही. काही सांगायचं झालंच तर मध्ये मी.

“तिशा, तिला सांग, तिच्या पाइपचं पाणी माझ्या कांद्यात येतंय.”

“तिशा, त्याला सांग, पाणीच आहे, व्होडका नाही.”

दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येतं. तरी मी प्रत्येक वाक्य इकडून तिकडे नेऊन पोचवतो. न पोचवलेलं वाक्य ग्राह्य धरत नाहीत.

सासूबाईंनी नोकरीभर पाइपांच्या कारखान्यात क्रेन चालवली. छताला टेकलेल्या केबिनमध्ये, एकट्या. खालची माणसं हाताने खुणा करायची आणि त्या टनभर लोखंड उचलून बोट दाखवलं तिथे ठेवायच्या. बोलण्याचा प्रश्नच नव्हता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या पूर्णपणे खाली उतरल्यात असं मला अजून वाटलेलं नाही.

“जेवतो का?” त्यांनी फावडं न थांबवता विचारलं.

“कोण?”

“झार. कोण म्हणजे काय?”

सासऱ्यांना महिन्याच्या सुरुवातीला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. त्या दिवसापासून सासूबाईंनी त्यांच्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता आणि हॉस्पिटलात तर पाऊलच टाकलं नव्हतं. “मी त्याची कोण?” एवढंच म्हणाल्या होत्या. उल्याना तिकडे उत्तरेला वायूच्या विहिरींवर स्वयंपाकीण, दोन महिने तिकडे, एक महिना इकडे. म्हणून रोजचं जाणं-येणं माझ्याकडे.

“दोन चमचे सूप घेतात,” मी म्हणालो. “काल एकच.”

“व्यायाम?”

“भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. व्यायामवाली येते, हात उचलते, सोडते, जाते. डॉक्टरीण म्हणाली, आता एप्रिलमध्ये उठले तर उठले. नाहीतर मग कायमचं अंथरूण.”

“बोलतो?”

“एक अक्षर नाही.”

“शिव्या?”

“नाही.”

“कुणालाच नाही? सूप गार आहे म्हणून? उशी पातळ आहे म्हणून? नर्सच्या लिपस्टिकवरून?”

“कशावरूनच नाही, येगोरोव्हना.”

फावडं थांबलं. सासूबाईंनी बादली पालथी घातली आणि तीवर बसल्या. हातमोजे काढले, पुन्हा घातले.

“म्हणजे मग फारच झालंय,” त्या म्हणाल्या.

आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. काळ्या पावावर खारवलेल्या चरबीचा काप ठेवून त्यांनी मला दिला, स्वतः काही खाल्लं नाही. मग उठल्या.

“उद्या जाशील तेव्हा त्याला सांग, मी त्याच्या बाजूलाही बर्फ भरला. फळी ओलांडून. ढीगभर.”

“पण आपण तर—”

“आपण काय केलं ते तुला विचारलंय का? काय सांगायचं ते सांगितलं.”

सासऱ्यांच्या मते पॉलिहाऊसमध्ये बर्फ भरणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात गार पाणी ओतणं. ते स्वतः एप्रिलमध्ये शेगडीवर पाणी कोमट करतात आणि बादल्या-बादल्यांनी माती भिजवतात, बाळाला न्हाऊ घालावं तशी. ह्या एका मुद्द्यावर त्यांनी मला अख्खी एक रविवारची दुपार ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. सासऱ्यांच्या शेजारच्या खाटेवर साव्हेली नावाचे गृहस्थ होते. त्यांची डावी बाजू गेली होती. “आम्हा दोघांचा मिळून एक धडधाकट माणूस होतो,” ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. “फक्त कपडे घालताना भांडणं होतात.”

“लुकिच,” मी भिंतीकडे वळलेल्या पाठीला म्हणालो, “येगोरोव्हनाने तुमच्या बाजूच्या पॉलिहाऊसमध्ये बर्फ भरला.”

मी संत्री सोलत बसलो. थोड्या वेळाने साव्हेली म्हणाले, “अहो जावईबापू, ह्यांचा कान बघा.”

सासऱ्यांचा कान लाल झाला होता.

मी बागेत जाऊन कानाची बातमी दिली. सासूबाईंनी कारखान्यात वर उचलायची खूण असायची तसा अंगठा किंचित वर केला.

त्या आठवड्यात त्यांनी मला राख दिली. म्हणजे राख त्यांनी स्वतःच्या बाजूच्या बर्फावर पसरली, ऊन धरून बर्फ लवकर वितळावा म्हणून. मला फक्त वाक्य दिलं: “सांग, तुझी वर्षभर साठवलेली राख तुझ्याच बर्फावर उडवून टाकली.” सासरे राख बेरीच्या मुळांसाठी साखरेसारखी डब्यात ठेवतात. ह्या वाक्यावर त्यांनी डाव्या हाताने पांघरूण मुठीत धरलं आणि त्यांची पाठ भिंतीपासून वीतभर सुटली. त्या दिवशी सूपही संपलं. साव्हेली म्हणाले, “उद्या काय आहे? आम्हाला सकाळपासून करमत नाही.”

उद्या काहीच नव्हतं. सासूबाईंना सर्दी झाली होती, फोन उचलला नाही. मी रिकाम्या हाताने खाटेजवळ बसलो. सासऱ्यांची पाठ वाट बघत होती. पाठही वाट बघू शकते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. शेवटी मी जे तोंडाला आलं ते बोललो.

“लुकिच, ती तुमच्या बटाट्यांच्या जागेवर टायरचे हंस बसवणार आहे.”

मोटारीचं जुनं टायर कापायचं, उलटं करायचं, मान वाकवायची, पांढरा रंग द्यायचा. आमच्याकडे अर्ध्या अंगणांत असे हंस असतात. उरलेल्या अर्ध्यांत ते नसल्याचा अभिमान असतो. सासरे दुसऱ्या गटातले. त्यांनी एकदा मला सांगितलं होतं की ज्या देशाने माणूस अंतराळात पाठवला, त्या देशात हे बघावं लागतं.

साव्हेलींनी चमचा खाली ठेवला. मग भिंतीकडून, गंजलेलं दार उघडावं तसा, आवाज आला.

“कि... ती?”

“काय?”

“कि... ती?”

“सात,” मी म्हणालो.

सासरे कुशीवर वळले. अर्धा चेहरा जागच्या जागी राहिला, पण दुसऱ्या अर्ध्यात इतका राग होता की दोघांना पुरला असता. डॉक्टरीण धावत आली. तिने डोळ्यांत बॅटरी मारली, जीभ बाहेर काढायला लावली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, घरचं काही औषध वगैरे देताय का? मी नाही म्हणालो. टायरचं नाव लिहून घ्यायला तिच्याकडे रकाना नसता.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या चिडल्याच.

“सात? तेवढ्या जागेत सात मावतात का? तो पडल्या पडल्या मापं घेईल. लिफ्ट बसवायच्या नोकरीत सगळं आयुष्य खोक्यात काय मावतं आणि काय नाही हेच बघत आलाय. लगेच खोटं पकडेल.”

“मग काय सांगू?”

त्यांनी नाक पुसलं, विचार केला. “चार सांग. तीन शेजारणीला दिले म्हणावं.”

उल्यानाचा फोन आला. “आईबाबा बोलायला लागले म्हणे?”

“टायरच्या मार्गाने,” मी म्हणालो.

मग एप्रिलमध्ये मी सासऱ्यांच्या कोटाच्या खिशातून त्यांच्या तळघराची किल्ली काढली. त्यांच्या डोळ्यांदेखत. “ती तुमचे बियाण्याचे बटाटे उकडून खाणार आहे,” असं स्वच्छ सांगून. त्या दिवशी ते व्यायामवाल्या बाईच्या खांद्याला धरून पहिल्यांदा उभे राहिले. माझ्या मागे दारापर्यंत यायचा त्यांचा विचार असावा. दोन पावलांनंतर बाईने त्यांना खुर्चीत बसवलं, पण बसतानाही ते माझ्याच दिशेने बसले.

बटाटे सासूबाईंच्या घरी गेले. त्यांची एकच खोली आहे आणि तिला एकच खिडकी. एप्रिलमध्ये आमच्या गावात कुणालाच खिडकीतून बाहेर बघता येत नाही. दुधाच्या कापलेल्या खोक्यांतून, दह्याच्या डब्यांतून टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची रोपं काचेला नाक लावून उभी असतात आणि माणसं मागे काळोखात जेवतात. सासूबाईंच्या खिडकीच्या कट्ट्यावर मात्र त्या दिवशी अंड्यांच्या पुठ्ठ्यांत सासऱ्यांचे बटाटे ओळीने बसले होते. टोमॅटो खाली जमिनीवर, पलंगाच्या सावलीत. पंधरवड्यात ते आजारी मुलांसारखे लांब आणि फिकट झाले.

“येगोरोव्हना, बटाटे पलंगाखालीही फुटले असते.”

“फुटले असते. पांढरे, लांब. तसले तो फेकून देतो. त्याला कोंब जाडे, आखूड आणि जांभळट लागतात. नवाब आहे.”

“आणि टोमॅटो?”

“टोमॅटो माझे आहेत,” त्या एक बटाटा उजेडाकडे फिरवत म्हणाल्या. “त्यांना सवय आहे.”

बर्फ गेला. मे महिन्यात माती सुटी झाली आणि सासूबाई कुदळीसारखं जड फावडं घेऊन झुडपांच्या पलीकडे गेल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा. जाताना त्यांनी आजूबाजूला असं बघितलं, जणू सरहद्दीवर पहारा आहे. आदल्याच दिवशी त्यांनी फळीच्या अलीकडेच उभं राहून पलीकडची पॉलिहाऊसची माती कोमट पाण्याने भिजवली होती, बादल्या-बादल्यांनी, शिव्या देत. “न्हाऊ घालतोय म्हणे. पावडर लावायची राहिली.”

आता खणणी. सासूबाई स्वतःच्या बाजूला कधी खणत नाहीत, वरवर माती खरवडतात. खोल खणणं म्हणजे गांडुळांचा खून, असं त्यांचं मत. सासरे फावड्याचं पूर्ण पातं गाडतात, ढेकूळ उलथतात, फोडतात, पुन्हा पातं गाडतात. सासूबाईंचा डावा गुडघा अधू आहे. त्या पातं टेकवायच्या, उजव्या पायाने दाबायच्या, तोंडाने सासऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, आणि ढेकूळ उलथायच्या.

दुपारपर्यंत अर्धीही जागा झाली नव्हती. मी दुसऱ्या टोकाने खणत होतो.

“तिशा, इकडे ये. हे काय आहे?”

“खणलंय.”

“हे खणलंय?” त्यांनी माझ्या जागेत फावडं खुपसलं. ते अर्ध्यावर अडलं. “पुन्हा खण.”

“येगोरोव्हना, त्यांना काय कळणार आहे? वरून सगळं सारखंच दिसतं.”

त्या गुडघा धरून सरळ झाल्या. कपाळावर माती होती.

“तो आला की पहिल्यांदा काय करेल? जमिनीत काहीतरी खुपसून बघेल. आणि ते अर्ध्यावर अडलं की बोलणार नाही काही. नुसता माझ्याकडे बघेल. ते बघणं मी वीस वर्षं बघितलंय. खण.”

मी खणलं. त्यांनी मला फळीसारखं मध्ये ठेवलं नव्हतं त्या दिवशी. आम्ही दोघं एकाच बाजूला होतो, आणि ती बाजू सासऱ्यांची होती. तीन शनिवार-रविवार गेले. मधल्या दिवसांत त्या एकट्याच लोकल पकडून यायच्या. शेवटच्या रविवारी गुडघा इतका सुजला की बूट काढायला मला पकड घ्यावी लागली.

“आता हॉस्पिटलात दाखवू या,” मी म्हणालो. “जायचंच आहे. लुकिचही भेटतील.”

“त्याला भेटायला मी लंगडत जाऊ?” त्या म्हणाल्या. “बूट ओढ.”

परतीच्या लोकलमध्ये त्या अचानक म्हणाल्या, “एक तरी करायला हवा.”

“काय?”

“हंस. माणूस ज्याच्यासाठी अंथरुणातून उठला, ते दिसायला नको? आपण चार म्हणालो होतो. एक कर.”

“पण तुम्हीच तर म्हणायचात, हंसवाली माणसं—”

“मी माझ्या बाजूला ठेवायला सांगितला का?”

मी एक केला. टायर कापणं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. मान जिथे वाकायला हवी तिथे वाकली नाही, आणि नको तिथे वाकली. रंग दिल्यावर तो जरा बरा दिसला, म्हणजे लांबून आणि संध्याकाळी.

बर्चची पानं नाण्याएवढी झाली त्या शनिवारी मी सासऱ्यांना मोटारीतून बागेत आणलं. बटाटा ह्याच दिवसांत लावायचा, हा त्यांचा नियम. सासूबाई चंद्राच्या दिनदर्शिकेवर चालतात आणि दिनदर्शिकेत त्या दिवशी फुली होती. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

सासरे काठी टेकत फाटकातून आत आले. काठी डाव्या हातात. उजवा हात कोपरात वाकून छातीशी राहिला होता, मूठ मिटलेली. ती उघडणार नाही, असं डॉक्टरीण म्हणाली होती. चालणं परत आलं, बोलणं निम्मं आलं, हात आला नाही. सासूबाई झुडपांच्या आपल्या बाजूला मुळ्याच्या वाफ्यावर वाकल्या होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

सासरे हंसापुढे उभे राहिले. बराच वेळ.

“हे... काय?”

“हंस,” मी म्हणालो.

“बा... कीचे?”

“उडाले.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आपल्या बाजूच्या जमिनीकडे बघितलं. काळी, फुगलेली, एकही ढेकूळ नसलेली. पॉलिहाऊसचं दार उघडं होतं आणि फळीपलीकडची माती ओलसर दिसत होती. राखेचा डबा जागेवर, झाकण लावलेला. बटाट्यांचे पुठ्ठे सावलीत मांडलेले, कोंब वर, जाडे आणि जांभळट. बटाट्यांची ओळ सरळ यावी म्हणून दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणलेली.

त्यांनी काठी उचलली, जमिनीवर टेकवली आणि दाबली. ती जात राहिली. अर्ध्यापर्यंत गेली, अर्ध्याच्या पुढे गेली. हात काढला तरी ती तशीच ताठ उभी राहिली, आणि सासरे काठीवाचून तिच्या शेजारी उभे राहिले. वाऱ्याने डोक्यावरची टोपी हलत होती. झुडपांपलीकडे मुळ्याच्या वाफ्यावरचे हात थांबले होते.

“तिशा,” सासरे म्हणाले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. “तिला... सांग. दोरी... वाकडी... बांधलीय.”

मी झुडपांशी गेलो. “येगोरोव्हना, दोरी वाकडी बांधलीय म्हणतात.”

“त्याला सांग,” सासूबाई वाफ्याकडे बघत म्हणाल्या, “दोरी सरळ आहे. बघणारा वाकडा झालाय.”

मी परत गेलो आणि पोचवलं. सासऱ्यांच्या जिवंत अर्ध्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. ते हसणं होतं की नाही, हे अर्ध्यावरून ठरवता येईना.

बटाटे लावणं हे आमच्याकडे दोघांचं काम. एक खड्डा काढतो, दुसरा त्यात बटाटा ठेवतो, आणि पुढच्या खड्ड्याच्या मातीने मागचा बुजतो. ही दोघं बारा वर्षं ते एकेकट्याने करत आली होती. फावडं ठेव, बादली उचल, बटाटा ठेव, बादली ठेव, फावडं उचल. मी फावडं घ्यायला पुढे झालो. पण सासूबाई झुडपं ओलांडून आल्या, फावडं घेतलं आणि दोरीच्या टोकाशी पहिला खड्डा काढला. कुणाकडेही न बघता. मग मी बादली घ्यायला गेलो. ती सासऱ्यांनी आधीच वाकलेल्या उजव्या हाताच्या कोपरात अडकवली होती.

मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो. कुणी मला काही सांगितलं नाही. थोड्या वेळाने मी बाजूला होऊन पालथ्या बादलीवर बसलो.

सासरे खड्ड्याशी येत, काठी मातीत रोवत, मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने बटाटा काढत आणि खाली सोडत. त्यांना वाकता येत नव्हतं. कोंब वर राहायला हवेत, पण बटाटा उंचावरून पडून कुशीवर कलंडायचा, कधी साफ उलटा व्हायचा. दर वेळी. सासूबाई थांबायच्या. सासरे काठी उपसून पुढच्या जागेकडे वळले की त्या सुजलेला गुडघा धरून खाली वाकायच्या, दोन बोटांनी बटाटा सरळ करायच्या, कोंब आभाळाकडे, आणि मग माती लोटायच्या.

तिसऱ्या की चौथ्या खड्ड्याला सासऱ्यांनी ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. त्यानंतर प्रत्येक बटाटा टाकला की ते पाठ फिरवून जंगलाकडे बघत उभे राहायचे, जणू तिकडे काहीतरी महत्त्वाचं चाललंय. मागून माती पडल्याचा आवाज आला की काठी उपसायची आणि पुढे जायचं.